साप शांत आहे, असे आपण म्हणतो तेव्हा



चंद्रपुरात प्राण्यांवर व्याख्यान म्हटले की लोक वाघ ऐकायला येतात. ताडोब्यातल्या वाघांना आपण नावे दिली आहेत. माया, मटकासुर, छोटी तारा. मायेचा पिलांवर जीव किती, मटकासुराचा दरारा कसा, हे जिप्सीवाल्यापासून पानठेल्यापर्यंत कोणीही सांगेल. वाघाला भावना असतात का, असा प्रश्न या गावात कोणी विचारीत नाही. विचारलाच तर त्यालाच वेड्यात काढतील. पण त्याच ताडोबा तलावाच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. जिप्सी घटकाभर थांबते, कोणीतरी ‘लाकूड आहे की मगर?’ म्हणते, फोटो निघतो आणि गाडी वाघाच्या शोधात पुढे जाते. त्या मगरींपैकी एकीलाही कोणी नाव दिलेले नाही. आजचे व्याख्यान त्या बिननावाच्या प्राण्यांवर आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वर्गात शिरलेला साप कधी मारू दिला नाही, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा हा विषय त्यांनाही परका वाटला नसता.

प्रश्न साधा आहे. माणसाच्या ताब्यात असलेल्या सापाला, कासवाला, मगरीला काही वाटते का? मी ‘ताब्यात’ म्हणतो, ‘पाळलेल्या’ म्हणत नाही, कारण आपल्या भागात साप फारसे कोणी हौसेने पाळीत नाही. इथे हे प्राणी वेगळ्या वाटांनी आपल्या हाती येतात. सर्पमित्राच्या बरणीत येतात, देवघराशेजारच्या काचेच्या टाकीत येतात, गारुड्याच्या टोपलीत येत असत, आणि हेमलकशाच्या प्राणी अनाथालयात येतात.

आपल्या भागातली एक जुनी गोष्ट आधी सांगतो. नागपूरला राहून गेलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची लिंगोची कथा लिहून घेतली होती. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये छापली. त्या कथेत पुरात अडकलेल्या गोंडांना मगर पाठीवर घेते आणि मधल्या धारेत दगा देऊन बुडवू पाहते. मग एक कासव त्यांना पाठीवर घेऊन पैलतीरी पोचवते. तेव्हापासून कासवाला इजा करायची नाही, असा वचनाचा धागा आहे, आणि कासव हे देवक मानणारी गोंड कुळे आजही आहेत. ही कथा मला आवडते, कारण तिच्यात मगरीला लबाडी आहे आणि कासवाला दया आहे. हे प्राणी आतून रिकामे आहेत असे कथा रचणाऱ्यांनी धरलेले नाही. पण तिच्यात आपली एक खोडही दिसते. या प्राण्यांना जे काही वाटते ते आपल्याविषयीच वाटते, असे आपण धरून चालतो. साप डूख धरतो म्हणजे कोणावर, तर आपल्यावर. नाग डोलतो कोणासाठी, तर आपल्या पुंगीसाठी. प्रत्यक्षात सापाला जमिनीची कंपने आणि जाड, खालच्या पट्टीतले आवाज कळतात. पुंगीचा सूर त्याच्या फारसा कामाचा नाही, तो डोलतो हलणाऱ्या पुंगीकडे बघून, आणि ते डोलणे नाच नसून पवित्रा असतो. सूड उगवण्यासाठी तोंडवळा लक्षात ठेवून गावभर फिरणारा साप सिनेमात असतो, नागभीडच्या बांधीत नसतो.

आता उलट टोक. विसाव्या शतकात पॉल मॅक्लीन नावाच्या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने माणसाच्या मेंदूचे तीन मजले कल्पिले. तळमजला सरपटणाऱ्यांचा, त्यात भूक, हद्द आणि हल्ला. त्यावर सस्तन प्राण्यांचा मजला, तिथे माया-ममता. वरचा मजला बुद्धीचा. ही मांडणी इतकी सोयीची होती की व्यवस्थापनाच्या शिबिरांत आजही ती पडद्यावर दाखवतात. तिचा अर्थ असा झाला, की सापाकडे भावनेचे दालनच बांधलेले नाही. मेंदूशास्त्राने ही इमारत केव्हाच पाडली आहे. २०२२ मध्ये फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदूसंशोधन संस्थेने बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याच्या मेंदूतल्या पेशींचा नकाशा ‘सायन्स’ नियतकालिकात छापला. सरड्याच्या आणि उंदराच्या मेंदूची पेशीगणिक तुलना केली, तर जुना मजला खाली आणि नवा वर अशी रचना निघत नाही. दोघांच्याही मेंदूत जवळजवळ प्रत्येक भागात जुने आणि नवे मिसळलेले आहे.

आणि हे स्वाभाविकच आहे. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला जा. तिथल्या मातीत डायनासोरांची हाडे सापडली, त्यांची दगड झालेली विष्ठा सापडली, कासवांचे अवशेष सापडले. त्याच हिस्लॉपसाहेबांनी हे ठिकाण शास्त्रज्ञांच्या नजरेस आणण्यात हातभार लावला. पण ही झाली सहा-सात कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. आपला आणि सापाचा समाईक पूर्वज त्याच्याही फार मागे, सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून दोन्ही घराणी आपापल्या वाटेने चालत आली. साप तिथेच थांबला आणि आपण पुढे निघून आलो, असे झालेले नाही.

हे सगळे झाले तर्काचे. हाती पुरावा काय? मला सगळ्यांत पटलेला पुरावा फार साध्या प्रयोगाचा आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

कॅनडात क्वेबेकच्या लावाल विद्यापीठात मिशेल काबानाक नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी इग्वानाच्या हृदयाचे ठोके दुरून मोजण्याची सोय केली आणि मग त्या प्राण्याला फक्त हळुवारपणे हातात घेतले. त्याला मारले नाही, टोचले नाही. इग्वाना हातात गप्प होता. ठोके मात्र मिनिटाला साधारण ७० वरून ११० पर्यंत गेले. बेडकाला तसेच हाताळले, तर त्याच्या ठोक्यांत फरक पडला नाही. दुसरी गोष्ट याहून मजेची. आपण घाबरलो, चिडलो की अंगाचे तापमान किंचित वाढते, उंदराचेही वाढते. सरड्याला मात्र अंग आतून तापवता येत नाही, त्याला उष्णता बाहेरून घ्यावी लागते. काबानाक यांच्या प्रयोगांत हाताळून सोडलेले सरडे आणि कासवे उठून उबेच्या जागी गेली आणि नेहमीपेक्षा अधिक तापून घेतले. म्हणजे ज्याला आपण मनस्तापाचा ताप म्हणू, तो त्यांनी चालत जाऊन मिळवला.

याच गटाने १९९८ मध्ये आणखी एक प्रयोग छापला. इग्वानाच्या पिलांना उबेत त्यांचा नेहमीचा सकस खुराक ठेवला, आणि दूर थंड कोपऱ्यात लेट्यूसची पाने, जी त्यांना आवडतात पण लागत नाहीत. पिले अंग गार करून घेत लेट्यूस खायला जात आणि परत उबेत येत. कोपरा फारच थंड केला, तेव्हा जाईनाशी झाली. भूक भागलेली असताना चवीसाठी थंडी सोसायची, पण एका मर्यादेपर्यंतच. घरात जेवण तयार असताना पावसात भिजत भजी खायला निघालेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. याला सुख म्हणायचे नाही, तर दुसरा शब्द सुचवा.

२०१९ मध्ये काही अभ्यासकांनी सरपटणाऱ्या प्राण्यांवरचे शास्त्रीय वाङ्मय धुंडाळले. ३७ शोधनिबंधांत त्यांना असे आढळले, की संशोधकांनी या प्राण्यांना चिंता, ताण, भीती, वैफल्य, वेदना, उत्तेजना वाटू शकते असे गृहीतच धरले होते. म्हणजे ज्यांचे रोजचे हात या प्राण्यांना लागतात, त्यांनी वाद केव्हाच मिटवून टाकला आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञांनी जो जाहीरनामा काढला, त्यात पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांना, सरपटणारेही त्यात आले, जाणिवेचा अनुभव असण्याची वास्तव शक्यता आहे असे म्हटले आहे. ‘शक्यता’ हा त्यांचा शब्द आहे आणि तो प्रामाणिक आहे. मी त्यापुढे जाणार नाही. पण त्याच्या मागेही येणार नाही.

आता माझा मुद्दा. या सगळ्या अभ्यासातून जी भावना सगळ्यांत ठामपणे सिद्ध होते ती भीती आहे, आणि नेमकी तीच आपल्याला दिसत नाही. कुत्रा भ्याला तर शेपूट घालतो, कान पाडतो, कुईकुई करतो. माकड दात विचकते. सापाला हलणाऱ्या पापण्या नाहीत, ओठ नाहीत, भुवया नाहीत, आणि किंकाळी नाही. त्याच्याकडे पळणे आहे, फुत्कारणे आहे, चावणे आहे, आणि यातले काहीच करता आले नाही तर गोठून पडणे आहे. हे शेवटचे आपण पाहतो आणि म्हणतो, ‘किती शांत आहे बघा!’ जत्रेत अजगर गळ्यात घालून लेकराचा फोटो काढतात. अजगर हलत नाही. लेकरू हसते, बाप खूश होतो, अजगर ‘माणसाळलेला’ ठरतो. काबानाक यांच्या इग्वानानेही हातात धडपड केली नव्हती.

एखादा साप जवळून नीट पाहा, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते कळेल. बांधीच्या धुऱ्यावर सुटलेली धामण पाहा. जीभ सावकाश बाहेर येते, वरखाली लवते, आत जाते; मान थोडी उचललेली, वाट शोधीत पुढे सरकते. तीच धामण बरणीत पाहा. बरगड्यांच्या जागी कातडी फुगते आणि बसते, भराभर. डोके वेटोळ्याखाली. जीभ एकतर येतच नाही, किंवा बाहेर काढून तशीच धरून ठेवते. झाकण उघडले की नाक काचेला घासून वर येते. नाकावरचे खवले सोलवटलेला साप दिसला तर समजावे, की तो बरेच दिवस असा बाहेर पडायला बघतो आहे. क्लिफर्ड वॉरविक या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने पारदर्शक भिंतीशी चाललेल्या या झटापटीचे वर्णन करून ठेवले आहे. प्राण्याला काच ही भिंत आहे हे उमगतच नाही. पलीकडे मोकळे दिसते आणि तो ढुशा देत राहतो. घरमालक म्हणतो, आमचे कासव फार खेळकर आहे, दिवसभर पोहत असते.

खेळकर कासवेही असतात, हे मात्र खरे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात नाईल नदीतले एक मऊ पाठीचे कासव पन्नासहून अधिक वर्षे होते. त्याचे नाव पिगफेस. ते स्वतःचे पाय ओरबाडून, चावून जखमा करून घेई. मग त्याच्या टाकीत चेंडू, काठ्या, पाण्याची नळी अशा वस्तू टाकल्या. कासव चेंडू नाकाने ढकलू लागले, रिंगणातून आरपार जाऊ लागले, नळीशी ओढाताण करू लागले, आणि स्वतःला इजा करून घेणे खूपच कमी झाले. अभ्यासक गॉर्डन बर्गहार्ट यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये हे नोंदवले. सरपटणारे प्राणी खेळत नाहीत, हे तोवर पाठ्यपुस्तकातले वाक्य होते. पण मला या गोष्टीत चेंडूपेक्षा आधीच्या जखमा महत्त्वाच्या वाटतात. कंटाळा येण्यासाठीही आत काहीतरी असावे लागते.

माया-ममतेचे काय? मगरीपासून सुरुवात करू, कारण ती आपल्याकडची आहे. मगर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. पिले अंड्याच्या आतूनच ओरडू लागतात. तो आवाज ऐकून आई माती उकरते आणि म्हशीचे हाड फोडणाऱ्या त्या जबड्यात पिले अलगद धरून पाण्यात नेते. चेन्नईजवळ रॉम्युलस आणि झई व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या मगर केंद्रात तर नर मगरही पिले पाण्यात नेताना पाहिलेला आहे. मादी अजगर अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. तेवढे दिवस बहुधा उपाशीच. कॅलिफोर्नियात लोमा लिंडा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये दाखवले, की खुळखुळ्या सापाला डिवचले तर एकटा असताना त्याच्या हृदयाचे ठोके जेवढे वाढतात, तेवढे जोडीला दुसरा खुळखुळ्या असताना वाढत नाहीत. दोरीचा तुकडा सोबत ठेवून भागत नाही, जोडीला सापच लागतो. सापाला सापाचा धीर येतो! पण लक्षात घ्या, ही सगळी माया आपापसातली आहे. तिच्यात आपला वाटा कुठेच नाही.

इथे हेमलकशाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. माडिया शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिलू त्यांनी मागून घेतले, तिथून प्राण्यांचे अनाथालय सुरू झाले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. बिबटे, अस्वले, साळिंदर यांच्याबरोबर तिथे मगरी, साप, घोरपडीही राहिल्या. बिबट्या प्रकाशभाऊंच्या अंगाला अंग घासतो हे छायाचित्र घराघरांत पोचले. मगरीच्या हौदाजवळ उभे राहून असे छायाचित्र मिळत नाही, आणि म्हणून येणारे पाहुणे तिथून लवकर पुढे सरकतात. माझ्या मते हेमलकशाचे मोठेपण कळायला तीच जागा बरी आहे. बिबट्याचे पिलू वाढवणाऱ्याला प्रेमाची परतफेड दिसते. मगरीला, घोरपडीला वर्षानुवर्षे वेळेवर अन्न, पाणी, ऊन, सावली देणाऱ्याला कसलीच पावती मिळत नाही. जनावर भीत नाही, खाते, नाक घासून घेत नाही, एवढीच त्याची पोचपावती. तिथे सांभाळण्याचे कारण जनावराचे आपल्यावरचे प्रेम हे असूच शकत नाही.

याउलट, १९८० च्या जानेवारीत पुण्यात नीलिमकुमार खैरे बहुतेक विषारी अशा ७२ सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले आणि त्यांना एकही साप चावला नाही. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचे होते, आणि ते त्यांनी दाखवले. महाराष्ट्रात सर्पमित्रांची जी पिढी उभी राहिली, तिच्यामागे अशी कामे आहेत. पण लोकांनी त्यातून भलताच धडा घेतला, की साप चावत नाही म्हणजे तो आपला दोस्त आहे. आपल्याकडे पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली की ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडे घराघरांत साप निघतात. सर्पमित्र धावून जातात, रात्री-बेरात्री, बहुतेक पदरच्या पेट्रोलने. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण साप पकडून झाल्यावर चौकात जो अर्धा तास जातो, त्याविषयी बोलले पाहिजे. शेपटीला धरून लटकवलेला नाग, फणा काढावा म्हणून पुढे नाचवलेला हात, हातोहात फिरणारी धामण, मुलांच्या गालाला लावलेला दिवड. पकडल्यावर सापाच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचे संप्रेरक वाढते, आणि जितका वेळ तो हातात, तितका तो ताण चालूच राहतो. सापाला बरणीत घालून अंधार करून ठेवले, तर त्यातले पुष्कळसे वाचते. त्यासाठी खर्च शून्य आहे. व्हिडिओ मात्र निघत नाही.

आणि उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. ज्याचे सगळे शरीर बाहेरच्या तापमानावर चालते, त्याला सुख-दुःखाची पहिली गोष्ट म्हणजे जागा बदलता येणे. उन्हातून सावलीत, सावलीतून बिळात. गच्चीत ठेवलेल्या टाकीत ही एकच गोष्ट नसते. आपण त्यात रंगीत खडे, प्लॅस्टिकचे झाड, छोटा किल्ला ठेवतो.

श्रोत्यांकडून काही चिठ्ठ्या आल्या आहेत. बहुतेक घोणस-मण्याराविषयी आहेत, त्यांना नंतर भेटून उत्तर देतो. मात्र कोणाला साप चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखान्यात न्या, एवढे आत्ताच सांगतो. एक चिठ्ठी मात्र विषयाला धरून आहे. ‘आमच्याकडे आठ वर्षांपासून स्टार कासव आहे. मी खोलीत आले की ते माझ्याकडे येते, घरातल्या दुसऱ्या कोणाकडे जात नाही. हे प्रेम नाही का?’

ताई, ते तुम्हाला ओळखते, यात मला शंका नाही. कासवांची स्मरणशक्ती चांगली असते. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठात लाल पायांची कासवे वाटा शिकतात, एकमेकांचे पाहून अडथळा ओलांडतात, पडद्याला नाक लावून बरोबर चित्र निवडतात. २०२५ मध्ये त्यांनी १५ कासवांवर एक निराळा प्रयोग छापला. एका जागी वाडग्यात खाऊ असतो, दुसऱ्या जागी नसतो, हे कासवांना शिकवले. मग वाडगा मधोमध ठेवला. काही कासवे आशेने झपझप गेली, काही रेंगाळली. आणि जी आशेने गेली, ती अनोळखी जागीही कमी बावरली. म्हणजे कासवाचा निव्वळ क्षणाचा भीती-आनंद असतो असे नाही, त्याची टिकणारी मनःस्थितीही असते. तुमचे कासव तुमच्याकडे येते ते बहुधा खाऊच्या आशेने. ती आशा खरी आहे, आणि ती तुमच्यामुळेच आहे. तिला प्रेम म्हणावे असा पुरावा माझ्याकडे नाही.

पण तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा आहे. स्टार कासव हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आले आहे. ते घरात ठेवणे हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. नशीब उघडते म्हणून विकत घेतलेले हे प्राणी खोक्यांत कोंबून, पाय चिकटपट्टीने बांधून आणलेले असतात. नदीत किंवा ताडोब्यात नेऊन सोडू नका; ते कोरड्या माळाचे कासव आहे, पाण्यात बुडून मरेल, आणि रोग नेले तर इथल्या कासवांनाही मारेल. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे कळवा. तोवर टाकी काढून टाका, त्याला कोरडी जमीन, एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला लपायला आडोसा द्या, आणि ते आडोशात जाऊन बसले तर बाहेर काढू नका.